टीपबाई आणि कमी भरलेले अँटीन्यूट्रिनो

तक्ता विभागातल्या बाईंना सगळे टीपबाई म्हणत. पोलिसांना देतात ती टीप नव्हे. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि जी कुणीही वाचत नाही, ती टीप. एकतीस वर्षं त्या अशा टिपा लिहीत आल्या होत्या. टीप वाचून कुणीतरी फोन केला, असं या एकतीस वर्षांत दोनदाच घडलं होतं, आणि त्यातला एक राँग नंबर होता.

त्यांचं काम असं. अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे होतात. दर वेळी तेच तुकडे होतील असं नाही, शेकडो जातींपैकी कुठलेही दोन. हे तुकडे जन्मजात अस्वस्थ. कुणी दोन सेकंद टिकतो, कुणी दोन दिवस. शांत होण्यासाठी तो एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो आणि इलेक्ट्रॉनच्या जोडीनं एक अँटीन्यूट्रिनोही निघतो. हा प्राणी इतका अलिप्त की भिंत, डोंगर, अख्खी पृथ्वी ओलांडून जातो आणि कुणाला साधा धक्का लागत नाही. कुठला तुकडा किती जोरानं काय फेकतो, हे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी मोजलेलं असतं. ते वाचायचं, दोन प्रयोगशाळांचं पटत नसेल तर भांडण मिटवायचं आणि शेवटी एक आकडा तक्त्यात लिहायचा. गल्लीतल्या जुन्या न्हाव्याला जशी प्रत्येक घरातली बित्तंबातमी असते, तशी टीपबाईंना प्रत्येक तुकड्याची होती.

तक्त्याची एक ओळ ऐंशी अक्षरांची. फार पूर्वी कुठल्यातरी यंत्रात तेवढीच मावायची. यंत्र भंगारात गेलं, ऐंशी मात्र राहिले. त्यामुळे बाईंचं बोलणंही ऐंशी अक्षरांचं झालं होतं. नवरा लिफ्ट तपासनीस, सकाळी लवकर बाहेर पडायचा. त्याच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी असायची : ‘दूध उतू गेलंय. मी नाही. आई म्हणतात, त्याही नाहीत. मांजर आपल्याकडे नाही. पुसा.’

आई म्हणजे सासूबाई. वय चौऱ्याऐंशी, जीभ अठराची, कान मात्र दोन्ही रजेवर. कानाचं यंत्र होतं, पण ते ड्रॉवरमध्ये, ‘झिजेल’ म्हणून. सुनेचं काम त्यांना कधी कळलं नाही, पण त्याचा उपयोग कसा करायचा ते पुरतं कळलं होतं. दवाखान्यात गर्दी असली की शेजारणीला मोठ्यानं सांगायच्या, “माझी सून अणुभट्टीत आहे हो. मी रोज तिच्याच हातचं जेवते.” दोन मिनिटांत बाक रिकामा.

त्या वर्षी बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना ती बैठक झाली.

भट्टीच्या भिंतीपलीकडच्या खोलीत एक मोठी टाकी होती. आत काचेसारखं नितळ द्रव. अब्जावधी अँटीन्यूट्रिनो दर सेकंदाला त्यातून निघून जायचे, आणि त्यातला एखादाच धडपडून आपटला की द्रवात बारीकशी ठिणगी पडायची, आणि खूण म्हणून तिच्यामागोमाग दुसरी. ती टाकी सांभाळणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना सगळे टाकीवाले म्हणत. माणूस हुशार, मनानं सरळ आणि उतावळा. लिफ्टचं बटण तीनदा दाबणाऱ्यांपैकी. त्यांनी दोन वर्षं ठिणग्या मोजल्या होत्या.

“सहा टक्के कमी!” त्यांनी पडद्यावर काठी आपटली. “तक्त्यावरून जेवढे यायला हवेत त्यापेक्षा सहा टक्के कमी येतायत. आमची टाकी आम्ही दहादा तपासली. म्हणजे हे सहा टक्के वाटेत रूप पालटतायत. कुणालाच न दिसणारा नवा कण बनतायत!”

साहेब, म्हणजे विभागप्रमुख, खुर्चीत पुढे सरकले. आयुष्यात एकदा तरी आपल्या खोलीसमोर कॅमेरे यावेत ही त्यांची जुनी इच्छा. “सहा आठवड्यांनी जाहीर करू. सभागृहाचे पडदे धुवायला टाका.”

मागच्या रांगेतून हात वर झाला. टीपबाईंचा.

“जेवढे यायला हवेत, ते कशावरून काढलं म्हणालात?”

“तुमच्याच तक्त्यावरून, बाई.”

“मग मला जरा भीती वाटते,” बाई म्हणाल्या.

सगळे हसले. बाईंनी विनोद केला नव्हता.

जागेवर येऊन त्यांनी यादी काढली. तुकडे शेकडो असले तरी टाकीला फक्त जोरकस अँटीन्यूट्रिनो दिसतात, आणि जोरकस फेकणारे तुकडे मोजून दहा-बारा. त्यात तिसऱ्या नंबरावर यीट्रियम धातूचं एक अल्पायुषी भावंड होतं. त्याच्यापुढे आकडा, बहात्तर टक्के. म्हणजे शंभरातले बहात्तर तुकडे आपली सगळीच्या सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि अँटीन्यूट्रिनो या जोडीला देऊन मोकळे होतात. उरलेले अठ्ठावीस काही भाग गॅमा किरणांसाठी राखून ठेवतात. आकड्याशेजारी नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख. आद्याक्षरं बाईंची, तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची.

त्याखाली टीप असायला हवी होती. बाईंना ती शब्दन्‌शब्द आठवत होती. पण पडद्यावर कोरी जागा. त्यांनी तळघरातून जुना छापील खंड मागवला. होती. ‘आकडा दिसतो तेवढा मोठा नसावा. मोजणाऱ्याचं उपकरण लहान. जपून वापरा.’ तक्ता नव्या संगणकावर चढवताना कुणीतरी ठरवलं होतं की ज्या ओळीत आकडा नाही ती ओळ कामाची नाही. वर्षानुवर्षांच्या टिपा एका दुपारी गळून गेल्या होत्या, आणि त्या नसल्याचं आजवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाईंच्याही.

त्या दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि इथे तर खाताना ‘खवखवेल’ असं लिहूनही ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या टाकीवाल्यांकडे गेल्या.

“एका तुकड्यानं सहा टक्के भरून निघणार नाहीत, बाई,” टाकीवाले म्हणाले. आवाज जरा चढलाच. दोन वर्षांची मेहनत होती बिचाऱ्याची.

“सहा नाही निघणार. एखादा निघेल. पण नव्या पाहुण्याच्या नावाची पाटी लावण्याआधी घरातली माणसं तरी मोजा.”

साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. सभागृहाच्या पडदे काढलेल्या खिडक्यांकडे एकदा पाहिलं. “बाई, शंका म्हणजे पुरावा नव्हे. काही ठोस आणा.”

ठोस म्हणजे मूळ मोजमापाची वही. छत्तीस वर्षांपूर्वी ज्यांनी ते मोजमाप केलं होतं ते प्राध्यापक सत्तर वर्षांचे होऊन दोन तासांवरच्या गावात राहत होते. फोन केला तर म्हणाले, “नाही, मशीन विकायची नाही,” आणि ठेवून दिला. बाईंनी शनिवारी स्वतःच जायचं ठरवलं. नवऱ्याला एका हॉस्पिटलच्या सहा लिफ्ट तपासायच्या होत्या.

“मी घरात एकटी बसून काय भिंती मोजू?” सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. “मी येणार.”

बस भरलेली होती. सासूबाईंनी चढता चढता सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनेच्या नोकरीचं ठिकाण सांगितलं आणि दोघींना अख्खं बाकडं मिळालं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गुडघा दुखत होता म्हणून बसल्या.

“कुणाकडे चाललोय आपण?”

“अँटीन्यूट्रिनो कमी भरले, आई. त्याची चौकशी करायला.”

“कोण आंटी?”

“आंटी नाही हो. अँटी!”

“तेच म्हणते मी. बाई हरवली आणि तू मला आत्ता सांगतेस?”

ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. बाईंनी हार पत्करली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “बरं, आंटी. असं बघा, डब्यात दहा बिस्किटं होती. डबा रिकामा झाला. खोलीत तिघं होते, इलेक्ट्रॉन, आंटी आणि गॅमा. आम्ही दाराबाहेर कान लावून बसलो. गॅमाच्या खाण्याचा आवाज आम्हाला आला नाही, कारण आमचा कान अधू. म्हणून आम्ही लिहिलं, सगळी बिस्किटं इलेक्ट्रॉन आणि आंटीनं खाल्ली. आंटी चांगली गुटगुटीत असणार. आता टाकीवाले म्हणतात, गुटगुटीत आंटी मोजल्या तर कमी भरतायत, म्हणजे काही पळून गेल्या.”

सासूबाईंनी बोटांवर दहा बिस्किटं मोजली.

“म्हणजे खाल्लं त्या मेल्या गॅमानं,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि आळ आंटीवर. आणि वर ती पळून गेली म्हणून बोभाटा! चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि हे लिहिलं कुणी?”

“मी,” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

“तू?” सासूबाईंनी सुनेकडे निरखून पाहिलं. “तरी मला वाटलंच. दुधाचंसुद्धा तू असंच माझ्यावर ढकललं होतंस.”

प्राध्यापकांच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीनच शिलाई मशीन. पायाची, हाताची, एक तर इतकी लहान की ती खेळण्यातली असावी. निवृत्त झाल्यावर ते जुन्या बिघडलेल्या मशीन गोळा करून दुरुस्त करत. त्यांच्या कानातलं यंत्र उकळत्या किटलीसारखी बारीक शिट्टी वाजवत होतं.

“बहात्तर टक्के!” बाईंनी कागद पुढे करताच त्यांचे डोळे चमकले. “माझाच आकडा. माझं लग्न ठरलं ते या आकड्यावर. सासऱ्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? मी म्हटलं, हा आकडा काढलाय. त्यांना काही कळलं नाही, पण बसा म्हणाले.”

एवढं ऐकल्यावर ‘तुमचा आकडा चुकलाय’ कसं म्हणायचं? बाई ओळ मनात जुळवत राहिल्या, आणि तेवढ्यात सासूबाईंनी मान पुढे काढली.

“तुम्ही आंटीवर खोटा आळ घेतलात!”

“आमच्याकडे कुणी आंटी नाही,” प्राध्यापक म्हणाले. “पत्नी होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली.”

“दहा वर्षं? इतकी वर्षं ती बिचारी निरपराध?”

“हो, अगदी साधी होती,” प्राध्यापक म्हणाले आणि त्यांना भरून आलं. सासूबाईंना वाटलं, आरोपी कबूल झाला. त्यांनी मोठ्या मनानं त्याला क्षमा केली, आणि शेजारच्या मशीनकडे वळून पिशवीचं उसवलेलं अस्तर शिवायला घेतलं.

मशीनच्या खडखडाटात बाईंनी प्राध्यापकांच्या कानाशी जाऊन विचारलं, “सर, उपकरण केवढं होतं?”

प्राध्यापकांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. लिंबाएवढं. “जर्मेनियमचा स्फटिक. त्या काळी तेवढाही मिळणं नशीब. बारकावा असा की दोन जुळ्या गॅमांमधला फरक सांगायचा. पण...” ते थांबले. मग उठले, एका मशीनच्या लाकडी पेटीतून हिरव्या पुठ्ठ्याची वही काढली आणि पान उघडून बाईंच्या मांडीवर ठेवलं.

समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘वरच्या ऊर्जेत आणखी काहीतरी आहे. पुष्कळ, पण विखुरलेलं. जोरकस गॅमा आरपार जात असावेत. प्रयोगशाळेतली आमची वेळ संपली.’

“सहा तास मिळाले होते मला,” प्राध्यापक म्हणाले. “सातवा मिळाला असता तर बघितलं असतं. लेखात ही शंका लिहिली होती मी, शेवटी, टीप म्हणून. संपादकानं काढली. शंका छापायला जागा नाही म्हणाला.”

बाईंना पुढचं अक्षर दिसेना. चष्मा पुसायला त्यांनी पदर घेतला तो बराच वेळ खाली आला नाही. याच माणसाला ‘उपकरण लहान’ म्हणून त्यांनी टिपेत हिणवलं होतं, आणि त्यानं स्वतःच, त्यांच्या दहा वर्षं आधी, तेच लिहून ठेवलं होतं.

“आता आकडा खोडणार माझा?” प्राध्यापकांनी विचारलं. किटलीची शिट्टी मध्येच थांबली.

“खोडणार नाही. नवीन मोजला तर तो वर येईल. तुमचा त्याच्याखाली राहील, नावासकट.”

“चुकीच्या आकड्याशेजारी माझं नाव?”

“आणि शेजारी लिहीन, ‘मोजणाऱ्यानं स्वतः शंका घेतली होती.’ चौदा अक्षरं. मावतं.”

प्राध्यापकांनी वही बंद केली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि बाईंच्या हातात दिली. “घेऊन जा. छत्तीस वर्षांत विचारायला आलेली तुम्ही पहिलीच.” मग सासूबाईंकडे बघून हळूच म्हणाले, “त्या मशीनचा धागा सहा महिने मला ओवता आला नव्हता. त्यांनी कसा ओवला ते जरा विचारून सांगता?”

सोमवारी वही टाकीवाल्यांच्या टेबलावर पोचली. ते तीन दिवस टीपबाईंशी बोलले नाहीत. समोरून आल्या तर जिना बदलत. पण माणूस सरळ, हे आधीच सांगितलंय. चौथ्या दिवशी त्यांनी बहात्तरच्या जागी आपल्या मनानं लहान आकडा घालून भाकीत पुन्हा काढलं, आणि पडद्यावरची दरी त्यांच्या डोळ्यांदेखत अरुंद झाली. ते स्वतःच साहेबांकडे गेले. “सर, जाहीर करायचं थांबवा.”

“पडदे धुऊन आलेत,” साहेब म्हणाले.

“पडद्यांचं जाहीर करा.”

साहेब आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या एका प्रयोगशाळेला नव्या मोजमापासाठी पत्र गेलं ते त्यांच्याच सहीनं, आणि बाईंची मुदत वर्षभर वाढवण्याचा अर्जही. त्या प्रयोगशाळेकडे पिंपाएवढे स्फटिक होते, मधोमध भोक असलेले. तुकडा त्या भोकात ठेवायचा. गॅमा कुठल्याही दिशेला निघो, बारीक असो की दांडगा, पिंप त्याला गिळणार. कोण किती आणि केव्हा निघाला याची वेगवेगळी चौकशी नाही, सगळ्यांची एकत्र बेरीज.

उत्तर यायला सात महिने लागले. बहात्तर नव्हे, चौतीस. त्याच पिंपात आणखी दोन संशयित तुकडे घातले. त्यांचीही तीच रड निघाली. सहा टक्क्यांची तूट साडेतीनवर आली. उरलेली तूट अजून तशीच होती, आणि ती तक्त्याची, टाकीची की खरोखरच कुणा नव्या कणाची, हे सांगायला कुणी धजत नव्हतं.

टाकीवाले बाईंच्या टेबलासमोर येऊन बसले. “माझा निम्मा कण खाल्लात, बाई.”

“मी नाही. गॅमानं.”

ते हसले नाहीत, मग हसले. “एक विचारू? तुम्ही गप्प बसला असतात तर? चार महिन्यांत निवृत्त झाला असतात. कुणाला कळलं नसतं.”

बाईंनी विचार केला. खरं सांगायचं तर तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, त्या न जेवलेल्या दुपारी, पुरता अर्धा तास. “बसणारच होते,” त्या म्हणाल्या. “पण मला रोज त्या ओळीवरून जावं लागलं असतं. ती तिसऱ्याच नंबरावर आहे.”

टाकीवाल्यांनी खिशातून एक चावी काढली. “चला, एक दाखवतो.”

एवढ्या वर्षांत बाई भट्टीच्या इमारतीत कधी गेल्याच नव्हत्या. तक्ता विभाग रस्त्याच्या अलीकडे, भट्टी पलीकडे. काम पडलं नाही, आणि कुणी बोलावलं नाही. त्यांनी पांढरा कोट चढवला, तो दोन माप मोठा निघाला. बाह्या दुमडत त्या एका लांब बोळातून, दोन जड दारांतून आत गेल्या. टाकीची खोली त्यांना वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान होती. भिंतींना राखाडी रंग, कोपऱ्यात झाडू, एका स्टुलावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. टाकी पाण्याच्या टाकीसारखीच दिसत होती. पलीकडे भिंत, आणि त्या भिंतीमागे ते सगळे तुकडे, ज्यांची नावं, वयं, खोड्या बाईंना तोंडपाठ होत्या आणि ज्यांच्या इतक्या जवळ त्या कधीच आल्या नव्हत्या.

“दिवसाला किती सापडतात?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज दवाखान्यात गेल्यासारखा बारीक झाला होता.

“अडतीस, चाळीस.”

“बस? एवढेच?”

“एवढेच. त्यांच्यासाठीच एवढा पसारा.”

बाईंनी स्टुलावरचं शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि बसल्या. टाकीवाल्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. हिरवी रेघ सपाट पडून होती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. टाकीवाले म्हणाले की कधी कधी तासभरही काही येत नाही, जेवायची वेळ झालीय, जाऊ या. बाई “हं” म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. शब्दकोड्यातल्या आडव्या सातचं उत्तर त्यांना सुचलं, ते त्यांनी मनातच ठेवलं.

मग रेघ एकदा उसळली. चांगली उंच. थोड्या अंतरानं तिच्या मागोमाग दुसरी उसळी, जशी असायला हवी तशी.

“आला!” टाकीवाले म्हणाले.

टीपबाई कोटाच्या बाह्या सावरत उभ्या राहिल्या. “दांडगा होता की हो,” त्या म्हणाल्या, आणि तो कुठल्या तुकड्याच्या घरचा असेल ते जेवताना डबा उघडेपर्यंत टाकीवाल्यांना नावानिशी सांगत राहिल्या.